फोरमनची खिडकी

अक्का, तो भातासाठी येतो की तुझ्यासाठी, हा आपला वाद अर्धाच राहिला. मी म्हणायचो, भातासाठी. कावळ्याला कुणाचं काय, ज्या हातात शीत तो हात त्याचा. तू म्हणायचीस, वसंता, तुला भुकेशिवाय कधी कुणी भेटायला आलेलं नाही, म्हणून तुला असं वाटतं. यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. सुचेल तेव्हा सांगू, म्हणून ते बाजूला ठेवलं होतं.

तेराव्याला आलेली माणसं काल आपापल्या घरी गेली. आता घरात आई, नाना आणि मी. तिघांपैकी कुणालाच कुणाशी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी तुझ्याशी बोलतोय. तू गेल्यावर तुझं कौतुक करणारे पुष्कळ निघाले. शांत होती, सोशीक होती, वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड वर करून बोलली नाही, असं चाळीतल्या बायका सांगत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, या बाया नक्की कुणाबद्दल बोलताहेत?

तू चांगली भांडखोर होतीस. मला कळायला लागल्यापासून तू नानांशी एकाच गोष्टीवरून भांडत होतीस. घरात काहीतरी पाळायचं होतं तुला. बदलापूरच्या मामांनी एकदा पिशवीतून कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं, आठवतं? आईचा हा धाकटा भाऊ, बारवीच्या वाटेवर भाताची शेती करणारा, तुझ्यावर जीव टाकणारा. पिल्लू नानांच्या चपलेवर मुतलं आणि आलं त्याच पिशवीतून परत गेलं. नाना म्हणाले, कारखान्याची चाळ आहे ही, इथे माणसांनाच जागा पुरत नाही. मांजराचा विषय काढलास तेव्हा आईने दुधाचं पातेलं दाखवलं. पोपट मागितलास तेव्हा दोघं एकदम म्हणाले, जिवंत जीव पिंजऱ्यात कोंडणं पाप आहे. त्यावर मात्र तू गप्प बसलीस, कारण तोपर्यंत तुझी स्वतःची गत काही वेगळी राहिली नव्हती.

लहानपणी तुझे सांधे सुजले होते, ताप आला होता. वाढीचं दुखणं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्याच तापाने हृदयाची झडप निकामी केली हे कळलं तू मॅट्रिक झाल्यावर, कल्याणच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली तेव्हा. धावायचं नाही, पाणी भरायचं नाही, पुढे शिकायला गाडीने जायचं नाही, आणि लग्न तर नाहीच, बाळंतपण झेपणार नाही. डॉक्टर एकेक नाही सांगत होते आणि नाना हातातली टोपी फिरवत प्रत्येक नाहीला मान हलवत होते. मग मागच्या खोलीत खिडकीपाशी तुझी खाट आली. उल्हासनगरच्या कॅम्पातून हरीबाई तुला शर्टांचे गठ्ठे आणून द्यायची आणि तू दिवसभर काजं करायचीस, बटणं लावायचीस. सगळं सिंधमध्ये टाकून आलेली बाई, लष्कराच्या जुन्या बराकीत नव्याने संसार मांडलेली. गठ्ठा टेकवायची आणि तुझ्याजवळ बसून राहायची.

आपला कावळा, फोरमन, आला तो एका आश्विनात. दुपारच्या भोंग्याला नाना सायकलवरून जेवायला घरी यायचे आणि आई तुझं ताट खाटेवर द्यायची, त्याच वेळेला तो मागच्या शिरीषाच्या झाडावरून खिडकीत उतरायला लागला. डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे तो शंभरात ओळखू यायचा. मागे हात बांधून फिरणाऱ्या साहेबासारखा चौकटीवरून इकडून तिकडे चालायचा, मान तिरकी करून तुझी काजं बघायचा आणि काहीतरी पसंत नसल्यासारखा एकदाच ओरडायचा. तू म्हणालीस, हा तर नानांचा फोरमन. नाना फिटर, आणि त्यांच्या फोरमनचं नाव घरात निघालं की आईसुद्धा आवाज खाली करायची. त्यामुळे हे नाव आपल्या दोघांतच राहायचं होतं. पण तू कसली ऐकतेस. एक दिवस नाना हात धूत होते आणि तू आतून म्हणालीस, ‘नाना, तुमचे साहेब आलेत, आमटीत मीठ कमी आहे म्हणतात.’ नानांचे खांदे हलले ते मी पाहिलं. मग वळले तेव्हा चेहरा नेहमीचा होता आणि म्हणाले, अशी थट्टा करू नये.

तुला वाटलं, या वेळी जमेल. कुत्र्याला जागा लागते, मांजराला दूध लागतं, पोपटाला पिंजरा लागतो, कावळ्याला यातलं काहीच लागत नाही. तू वकिलासारखी एकेक मुद्दा मांडत होतीस. पाळू द्या म्हणत नाही, नुसतं आत येऊ द्या म्हणते. तो आपला येईल, खाटेच्या कठड्यावर बसेल, जाईल. आईने कानावर हात ठेवले. कावळ्याला पान ठेवायचं ते पितरांच्या नावाने, आणि ते दाराबाहेर. कावळा घरात घेतलेला कुणी ऐकलाय का? नाना काही बोललेच नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे नाही, हे आपल्याला लहानपणापासून पाठ.

हरीबाई त्या दिवशी गठ्ठा घेऊन आली होती. तिला मराठीतलं सगळं कळायचं, बोलायची मात्र तिच्या हिंदीत. ती नानांना म्हणाली, ‘आने दो ना बाबूजी. हमारा मिठू था उधर, घर छोड़ा तो मैंने अपने हाथ से पिंजरा खोला. वो जाता ही नहीं था. खुले दरवाजे पे बैठा रहा, हम टांगे में चढ़ गए तो भी बैठा रहा. अभी तक सोचती हूं, किसके हाथ का खाता होगा.’ नानांनी तिला पाणी दिलं. कॅम्पातल्या माणसांशी ते कधी ताडकन बोलले नाहीत. पण खिडकी तेवढी आतून लावून घेतली.

तू ती दुसऱ्या दिवशी उघडलीस, हे काय सांगायला हवं.

आणि मग पौषातली ती दुपार. तू न्हाऊन मागच्या अंगणात उन्हाला केस वाळवत बसली होतीस. भोंगा झाला, फोरमन आला, खिडकीत तू नाहीस म्हटल्यावर त्याने अंगणात बघितलं आणि सरळ तुझ्या डोक्यावर येऊन बसला. तू हसायला लागलीस. आईच्या हातातली बादली पडली.

यात हसण्यासारखं काय होतं ते आईला कळेना आणि रडण्यासारखं काय होतं ते तुला कळेना. डोक्याला कावळा शिवला म्हणजे मरणाचं सावट, आणि त्यावर आपल्याकडे एकच उपाय. ज्याला शिवला तो गेला अशी खोटी बातमी जिवाभावाच्या नातेवाइकाला पाठवायची. तो खरंखुरं रडला की अरिष्ट त्याच्या डोळ्यांतल्या पाण्याबरोबर निघून जातं. पण ते रडणं खरं हवं, म्हणून त्याला आधी काही कळता कामा नये. तुझं हृदय असं, त्यात हे. आईने नानांचा जीव खाल्ला. नानांनी त्यांच्या खात्यातल्या साळवीकाकांना बदलापूरला पाठवलं. तुला यातलं काही सांगितलं नव्हतं.

साळवीकाका सोंगी भजनात सोंगं वठवणारा माणूस. त्यांनी मामांच्या पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या हुंदका दिला म्हणे. मामी छाती बडवायला लागल्या. थोड्या वेळाने साळवीकाका खरं काय ते सांगणार होते, पण मामांनी थांबून ऐकलंच नाही. रुळाच्या कडेकडेने अनवाणी पळत इथे अंबरनाथला आले. दारातून आत शिरले तर तू खाटेवर बसून दाताने दोरा तोडत होतीस. मला त्यांचा चेहरा विसरता येत नाही. आधी ते भिंतीला धरून उभे राहिले. मग खाली बसले आणि मोठ्याने रडले, मग तसेच हसायला लागले. तू विचारलंस, मामा, कोण गेलं? तेव्हा आईने तुला सगळं सांगितलं.

तू रागावलीस. माझी मरणाची बातमी मला न विचारता पाठवली, असं म्हणालीस. मामांनी तुझी समजूत काढली. म्हणाले, ‘पोरी, तुझ्या वाटचं जेवढं रडायचं तेवढं मी आज रडून आलोय. आता परत नाय रडायचा. आता रडायची पाळी तुझी, मी जाईन तवा.’ आणि आनंदाच्या भरात म्हणाले, माग, काय हवं ते माग. तू खिडकीकडे बोट केलंस.

मामांनी खरंच नानांपाशी शब्द टाकला. घरात बसलेला कावळा कोण बघायला येतो, पोरीचं मन आहे, असं बरंच बोलले.  मामा गेल्यावर नाना तुझ्या खाटेपाशी येऊन उभे राहिले, आणि त्या दिवशी तुमचं जे बोलणं झालं ते मी दारात उभा राहून ऐकलं. तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, ‘शिकायचं नाही म्हणालात, मी हो म्हटलं. लग्न नाही, हो म्हटलं. कुठे जायचं नाही, हो. तुमच्या सगळ्या नाहींना मी हो म्हटलंय, नाना. माझ्या एका गोष्टीला तुम्ही हो म्हणा.’

नाना म्हणाले, ‘उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला काय सांगू? कावळा मीच घरात घेतला?’

तू म्हणालीस, ‘बरंवाईट झालं तर तुम्हीच त्याला बोलवायला जाल. नदीवर बसून या या म्हणाल.’

अक्का, तुझी जीभ फार धारदार होती. नाना वळले, कोनाड्यातून हातोडी घेतली, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी साळवीकाकांनी आणलेली तारेची जाळी मागून आणली आणि तुझ्या खिडकीवर ठोकून टाकली. फिटरचा हात, एक खिळा वाकडा गेला नाही. चाळीतले लोक म्हणाले, नाना चिडले. ते चिडले नव्हते. मी शेजारी उभा राहून त्यांना खिळे देत होतो, ठोकलेला प्रत्येक खिळा ते दोनदा ओढून बघत होते. ते तुझ्या बोलण्याला घाबरले होते. तू मरशील या भीतीने त्यांनी तुला जाळीआड ठेवलं आणि त्यांना वाटलं, आता मरण बाहेर राहिलं.

फोरमन जाळीबाहेर बसायचा. तू जाळीच्या भोकातून एकेक घास बोटाने बाहेर ढकलायचीस, तो अलगद टिपायचा. तुझ्या तर्जनीला तारेने ओरखडे पडायचे. आई ते बघून तोंड फिरवायची आणि नंतर त्यावर हळद लावायची. नानांनी पुन्हा कधी त्या खिडकीकडे पाहिलं नाही, जेवायलाही पाठ करून बसायचे. तू जाळीबद्दल त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. इतकी वर्षं भांडणारी तू अचानक भांडायची थांबलीस आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं, समजूतदार झाली. मला ते बरं वाटत नव्हतं. तू नानांशी भांडत होतीस तोवर तुला काहीतरी हवं होतं.

वैशाखात तू गेलीस. काडेपेटीच्या कारखान्यात माझी त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून मी सकाळचा घरी होतो. तू बटण लावत होतीस. मला म्हणालीस, वसंता, जरा पाठीला उशी दे. मी उशी घेऊन येईपर्यंत तू भिंतीला टेकली होतीस आणि सुई शर्टात तशीच टोचलेली होती. मी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर आले आणि त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. नानांच्या कारखान्यात निरोप धाडायला मी निघणार तोच दुपारचा भोंगा झाला.

भोंगा झाला म्हणजे नाना येणार आणि फोरमन येणार. दोघंही आले. नाना साळवीकाकांबरोबर काहीतरी बोलत सायकल हातात धरून दारापर्यंत आले आणि आईचं रडणं ऐकून तिथंच थांबले. आतल्या खोलीत तुला खाली घेतलं होतं. फोरमन जाळीवर चोच मारत होता. तो कधी असं करायचा नाही. बायका म्हणाल्या, हाकला त्याला. आईने तांब्या फेकून मारला. तो शिरीषावर जाऊन बसला आणि ओरडत राहिला.

नाना काही वेळाने साळवीकाकांना म्हणाले, ‘बदलापूरला जाऊन सांगा.’ साळवीकाका तसेच गेले. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, अक्का. मी जायला हवं होतं, चाळीतलं दुसरं कुणी चाललं असतं, नुसते साळवीकाका सोडून कुणीही.

मामा शेतावर पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. साळवीकाकांनी बांधावरून सांगितलं तसे ते हसायला लागले. म्हणाले, ‘परत शिवला काय तो फोरमन? बस, पाणी पी. मी आता नाय रडणार, तिला सांग, माझं रडणं संपलं.’ साळवीकाका शपथा घ्यायला लागले. मामा म्हणाले, त्या दिवशीही घेतली होतीस. साळवीकाकांना रडू फुटलं. मामा म्हणाले, त्या दिवशीही रडला होतास, आजच्यापेक्षा जोरात. आणि वर, पोरीला द्या म्हणून पानात गुंडाळून करवंदं दिली. साळवीकाका ती करवंदं घेऊन परत आले. त्यांना ती कुठे ठेवावी ते कळेना. ती पुडी आपल्या ओट्यावर तशीच पडून होती, मुंग्या लागल्या तरी.

मामांसाठी थांबू म्हणून नाना थांबले होते. साळवीकाका एकटेच आलेले त्यांना दिसले. ऊन कलायला लागलं होतं. नाना म्हणाले, चला.

मामींना राहवलं नाही म्हणून संध्याकाळी त्यांनी मामांना पाठवलं. जाऊन तर या, बघून तर या. आम्ही मसणातून परतत होतो आणि मामा रस्त्यात समोरून आले. आम्हाला ओल्या अंगाने येताना बघून त्यांना सगळं कळलं. त्यांच्या अंगाला राबाच्या धुराचा वास येत होता आणि हात कोपरापर्यंत काळे होते.  आमच्यामागून चालत घरी आले आणि ओट्यावर त्या करवंदांच्या पुडीशेजारी बसले. रडले नाहीत. तुला त्यांनी जे सांगितलं होतं तेच खरं झालं, त्यांचं रडणं आधीच संपलं होतं. नऊ दिवस तो माणूस कोरड्या डोळ्यांनी आपल्याकडे राहिला.

आता दहाव्याचं सांगतो. हे तुला सांगायचं म्हणूनच मघापासून एवढी लांबण लावली आहे.

देवळाजवळ वालधुनी नदीच्या काठी गुरुजींनी पिंड मांडले आणि आम्ही मागे सरकून बसलो. पलीकडच्या झाडावर कावळे होते. ओरडत होते, पण खाली एक उतरत नव्हता. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. आपले एक दूरचे चुलते पुढे होऊन म्हणाले, पोरीचं लग्न राहिलं. त्यांनी हात जोडून सांगितलं, पुढच्या जन्मी चांगलं घर मिळेल. कावळे झाडावरच. मला तुझा आवाज कानाशी ऐकू आला, पुढच्या जन्माची हमी हे कोण देणार. मी ओठ दाबून बसलो.

मग मामा उठले. इतके दिवस न रडलेले मामा पिंडासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, ‘पोरी, मी आलो नाय म्हणून रुसलीस काय गो? मला खोटं वाटलं. सोन्यासारख्या पोरी, मला खोटं वाटलं गो.’ आणि ते वाळूत डोकं टेकून तसेच पडून राहिले. कुणाची त्यांना उठवायची छाती होईना. जमलेल्या सगळ्यांच्या मनात तेच होतं, मामावर रागावून गेली म्हणून शिवत नाही. मामांना ते सगळ्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

तेव्हा नाना उठले. मामांच्या खांद्याला धरून त्यांनी त्यांना बाजूला केलं. म्हणाले, ‘तुझ्यावर नाही रे रागावली. माझ्यावर आहे.’ आणि पुढे होऊन, पंचा सावरून, आमच्या सगळ्यांच्या देखत, त्या गुरुजींच्या देखत, कारखान्यातल्या माणसांच्या देखत, नानांनी झाडाकडे बघत हात जोडले. कारखान्यात साहेबासमोर उभे राहतात तसे उभे राहिले आणि म्हणाले, ‘या, फोरमनसाहेब. या. घरात या. जाळी काढतो मी. या.’

चाळीतले दोन-तीन लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. साळवीकाकांनी तोंडात पंचा कोंबला. नाना पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, या, फोरमनसाहेब. तू म्हणाली होतीस तसंच, नदीवर, या या. मला त्या क्षणी तुझा फार राग आला, अक्का. तू हे बोलायला नको होतंस. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की तू हे बघायला हवं होतंस.

तो आला नाही. कुठलाच आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, शास्त्राने चालतं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि आंघोळीला उतरले. नाना उतरले नाहीत. ते चपला न घालता घराकडे चालायला लागले आणि मी त्यांच्यामागे.

घरी आलो तेव्हा दुपारचा भोंगा होत होता. फोरमन जाळीबाहेर बसलेला होता. आई तुझ्या खाटेजवळ जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत होती. हाकलत नव्हती. नानांनी कोनाड्यातून पक्कड घेतली. तो उडून शिरीषावर गेला. नानांनी एकेक खिळा उपटला, जाळी काढली, दुमडली आणि माझ्याकडे दिली. खाली तारेच्या टोकांना वाळलेलं काहीतरी लागलं होतं. तुझ्या बोटाचं रक्त असेल किंवा भात असेल, मी नीट पाहिलं नाही. आईने वाटीत दहीभात कालवून आणला आणि चौकटीवर ठेवला, आतल्या बाजूला. आपली आई, अक्का, तिने स्वतःच्या हाताने.

तो आला. चौकटीवर उतरला, तुटक्या बोटाचा पाय जरा उचलून धरला, आणि मान तिरकी करून खाटेकडे बघितलं. भात त्याच्या चोचीपासून हातभर अंतरावर होता. त्याने खाटेकडे बघितलं, मग नानांकडे, मग पुन्हा खाटेकडे. एकदाच ओरडला आणि उडून गेला.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. भोंगा होतो, नाना सायकलवरून येतात, आपलं ताट घेऊन तुझ्या खोलीत बसतात. पहिला घास चौकटीवर. तो येतो, बघतो, जातो. भात संध्याकाळपर्यंत वाळून कडक होतो आणि मग मुंग्या नेतात. परवा हरीबाई उरलेले शर्ट न्यायला आली होती. उघडी खिडकी आणि तो भात बघून तिने तुझ्या खाटेवर हात फिरवला आणि गठ्ठा न घेताच निघून गेली. मामा बदलापूरला परत गेलेत. साळवीकाका आपल्या दारावरून जाताना सायकलवरून उतरतात आणि आपलं घर मागे पडेपर्यंत चालत जातात.

आज जेवताना नानांनी मला विचारलं, ‘वसंता, ती त्याला हाक कशी मारायची रे? नेमके शब्द सांग.’ मी घास हातात धरून आठवून पाहिलं. तू त्याच्याशी बोलायचीस, त्याला रागवायचीस, नानांची गाऱ्हाणी त्याला सांगायचीस. पण हाक? अक्का, तू त्याला कधी हाक मारलीच नव्हतीस. तुला कधी मारावीच लागली नाही. तो आपणहून यायचा. आपल्या वादाचं उत्तर मला तिथं, नानांच्या ताटासमोर मिळालं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं.

मी नानांना तसं सांगितलं. म्हटलं, ती बोलवायची नाही, नाना. त्यांनी मान हलवली, डॉक्टरांसमोर हलवली होती तशी. मग जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि ते हात धुवून कामावर गेले. खिडकी आम्ही उघडीच ठेवली आहे.